रॅटच्या पिल्लांपासून ओपीसी वाढवताना: मिरजेतल्या प्रयोगशाळेतून

चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी गुंडाळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हे आवरण झडतं. पेलिझेयस-मेर्झबाखरसारख्या आनुवंशिक आजारात ते मुळात नीट तयारच होत नाही. नवी ऑलिगोडेंड्रोसाइट येते ती ग्लियाच्या, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या, पूर्वपेशीपासून. प्रयोगशाळेत तिला सगळे ओपीसीच (ऑलिगोडेंड्रोसाइट प्रिकर्सर सेल) म्हणतात, म्हणून इथेही तेच.

ओपीसी वाढवणं जमतं. कठीण आहे ते तिला ओपीसीच ठेवणं. सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) मिळालं की ती ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लियासारखी व्हायला बघते, थायरॉइड हार्मोन मिळालं की ऑलिगोडेंड्रोसाइट होऊन बसते, आजूबाजूला गर्दी झाली की विभाजन थांबवते. मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी १९८३ मध्ये रॅटच्या दृष्टिचेतेतल्या पेशींवर हेच दाखवलं होतं: एकच पूर्वपेशी, सिरममध्ये एक वाट आणि सिरमशिवाय दुसरी. पुढे जी काळजी सांगितली आहे ती बहुतेक सगळी याच एका कारणासाठी आहे.

आम्ही वापरतो ती पद्धत मॅकार्थी आणि डी व्हेलिस यांची, १९८० ची. नवजात रॅटच्या मेंदूच्या बाह्यकातल्या सगळ्या ग्लिया एकत्र वाढवायच्या, खाली ॲस्ट्रोसाइटचा थर बसू द्यायचा आणि त्यावर सैल बसलेल्या ओपीसी शेकरवर हलवून सोडवायच्या. चुंबकीय मण्यांनी किंवा अँटिबॉडी लावलेल्या प्लेटवर पेशी वेगळ्या काढल्या तर शुद्धता जास्त मिळते, पण खर्च कितीतरी वाढतो. शिकायला आणि शिकवायला जुनी पद्धतच बरी, कारण तिच्यात चूक कुठे झाली ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसतं.

आधी कागदपत्रं. प्राणी नोंदणीकृत प्राणिगृहातलेच हवेत आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी हातात हवी. अर्जात पिल्लांची संख्या मोजून लिहावी लागते. टी-७५ आकाराच्या एका फ्लास्कला एक ते दोन मेंदू असा हिशेब धरावा. पिल्लं जन्मल्यापासून दोन दिवसांच्या आतली हवीत. त्यापुढे मेंदूवरची आवरणं चिवट होतात आणि उत्पन्नही घटतं. मादी नेमकी कधी विणार हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून फ्लास्कना लेप देऊन ठेवण्याचं काम आधीच उरकलेलं असावं.

लेप पॉली-डी-लायसिनचा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर किमान एक तास, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचं. एल प्रकारही चालतो, पण पेशींची स्वतःची विकरं त्याला हळूहळू पचवतात. डी प्रकाराला ती तोडू शकत नाहीत. धुण्यात कुचराई केली तर मोकळं राहिलेलं पॉली-डी-लायसिन पेशींना विषारी ठरतं. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमधल्या सगळ्या पेशी तरंगताना दिसतात आणि लोक ट्रिप्सिनला, म्हणजे ऊतीतून पेशी सुट्या करणाऱ्या विकराला, दोष देत बसतात. इथल्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. शुद्धीकरण यंत्राच्या पुढच्या गाळण्या लवकर बसतात, म्हणून धुण्याचं पाणी कुठलं आणि कार्ट्रिज कधी बदललं हे वहीत लिहिलेलं बरं.

पिल्लाचा मेंदू बाहेर काढून बर्फात ठेवलेल्या हँक्सच्या द्रावणात घ्यायचा. अनुमस्तिष्क आणि घ्राणकंद कापून टाकायचे, दोन्ही अर्धगोल वेगळे करायचे आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाच नंबरच्या बारीक चिमट्याने वरचं पातळ आवरण सोलायचं. या सोलण्यावर सगळी बॅच उभी असते. आवरणाचा तुकडा राहिला की त्यातले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) वाढतात, आठवडाभरात लांबट, एकाच दिशेने ओळीत बसलेल्या पेशींचे पट्टे दिसतात, आणि अशा थरावर ओपीसी नीट बसत नाहीत. लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतंय तोवर आवरण शिल्लक आहे असं समजावं. मेंदूचा पृष्ठभाग दुधाळ आणि एकसारखा दिसला म्हणजे झालं. नवख्या हाताला एका मेंदूमागे दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात उरलेल्या मेंदूंचं द्रावण कोमट होतं, म्हणून एका वेळी दोन-तीनच बाहेर काढायचे.

पुढे ऊतीचे बारीक तुकडे करून ०.०५ टक्के ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांवर १५ मिनिटं. सोबत डीएनेज, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. डीएनेज विसरलं तर फुटलेल्या पेशींमधून बाहेर आलेला डीएनए चिकट शेंबडासारखा गोळा होतो आणि चांगल्या पेशींनाही त्यात ओढून नेतो. सिरम असलेलं मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) घालून ट्रिप्सिन थांबवायचं आणि १० मिलीच्या पिपेटने, मग ५ मिलीच्या, दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचं. बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. हवेच्या पृष्ठभागावर पेशी फाटतात. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट बळावर) पाच मिनिटं फिरवायचं आणि तळाशी बसलेला पेशींचा गोळा जास्त ग्लुकोजच्या डीएमईएम या मीडियात १० टक्के सिरमसह मिसळायचा. इथे सिरम चालतं, कारण खालचा ॲस्ट्रोसाइटचा थर वाढवायचा आहे. सिरममध्ये राहूनही वरच्या ओपीसी बऱ्याच प्रमाणात पूर्वावस्थेत राहतात, याचं मोठं श्रेय ॲस्ट्रोसाइटमधून सुटणाऱ्या पीडीजीएफ या वाढ-घटकाला. हा घटक ओपीसीला विभाजनात गुंतवून ठेवतो हे १९८८ मध्ये रॅफ, नोबल आणि रिचर्डसन यांच्या गटांनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी फ्लास्क बघून मन खट्टू होतं. मेलेल्या पेशींचा कचरा इतका असतो की खाली काही चिकटलंय का तेच कळत नाही. पहिलं मीडिया एक-दोन दिवसांनी बदलायचं, पुढे दर दोन-तीन दिवसांनी. सातव्या दिवसाच्या आसपास खालचा थर सलग होतो आणि त्यावर दोन प्रकारच्या पेशी दिसू लागतात. भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, चमकदार आणि सहज हलणाऱ्या त्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. लहान, गडद, दोन्ही टोकांना एकेक बारीक शेपूट असलेल्या त्या ओपीसी. हा फरक ओळखायला डोळा बसावा लागतो. शेपटं दोनाऐवजी अनेक दिसली, त्यांना फाटे फुटलेले दिसले, तर ओपीसी पुढे सरकायला लागल्या आहेत आणि शेकरवर चढवायला उशीर होतोय. आम्ही नवव्या-दहाव्या दिवशी चढवतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मीडियात ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली इन्सुलिन घातलं तर संख्या वाढते.

इनक्युबेटरबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे बॅचा बहुतेक इथेच जातात. इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीचं तापमान ३७ पेक्षा निदान पाच अंशांनी खाली नसेल तर तो आतलं तापमान धरू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेचा पारा चाळिशीला टेकतो. एसी बंद पडलेल्या दुपारी पडद्यावर ३७ दिसत असतं आणि आत ३९ झालेलं असतं. त्यात शेकर आत ठेवला की मोटरची उष्णता आणखी एक-दोन अंशांची भर घालते. म्हणून आदल्या दिवशी शेकर रिकामा चालवायचा, पाणी भरलेल्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ती शेकरच्या पाटावर ठेवायची आणि त्या पाण्याचं तापमान ३७ येईपर्यंत इनक्युबेटरचा आकडा खाली आणायचा. पावसाळ्यात त्रास वेगळा, बुरशीचा. मालाचे पुठ्ठ्याचे खोके कल्चरच्या खोलीत आणायचेच नाहीत. ओल लागलेला पुठ्ठा म्हणजे बुरशीचं आगर. बाटल्या बाहेर काढून, पुसून मगच आत. इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमध्ये ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी, दर आठवड्याला बदललेलं. बुरशी मारण्यासाठी ॲम्फोटेरिसिन घालायचा मोह होतो, पण ते पेशींनाही सोसत नाही आणि आजार झाकून ठेवतं.

आता शेकर. फ्लास्क कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये झाकण सैल ठेवून दोन-तीन तास मुरू द्यायचे, मग झाकण घट्ट करून पॅराफिल्म गुंडाळायची. गाळणीचं झाकण असेल तर वरून टेप. शेकर साध्या हवेत असेल आणि झाकणातून वायू निसटला तर मीडिया काही तासांत गर्द गुलाबी होतं, पीएच आठच्या वर जातो आणि सकाळी हाती मेलेल्या पेशी येतात. आधी मिनिटाला २०० फेऱ्यांवर एक तास. या तासात सुटतात त्या मुख्यतः मायक्रोग्लिया. हे मीडिया टाकून द्यायचं किंवा मायक्रोग्लिया हव्या असतील त्यांना द्यायचं. ताजं मीडिया घालून पुन्हा मुरवायचं आणि मग १८ ते २० तास हलवायचं.

दोनशे फेऱ्या हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, पण एकटा तो काही सांगत नाही. शेकरचा पाट किती मिलिमीटरच्या वर्तुळात फिरतो हेही तितकंच महत्त्वाचं. बळ या वर्तुळाच्या मापाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. १९ मिलिमीटरच्या शेकरवर २०० फेऱ्या म्हणजे २५ मिलिमीटरच्या शेकरवर सुमारे १७५. दुसऱ्या प्रयोगशाळेची पद्धत जशीच्या तशी उचलून मोठ्या वर्तुळाच्या शेकरवर चालवली की ॲस्ट्रोसाइटचा थर कडेपासून उसवून गुंडाळी होऊन तरंगतो. मग ओपीसी त्या गुंडाळीतून वेगळ्या काढणं अशक्य. वीज मध्येच गेली तर सुटलेल्या पेशी खाली बसून परत चिकटतात, म्हणून शेकर यूपीएसवर हवाच. वेळ वाया गेला म्हणून तासांची भरपाई करत रात्र वाढवली तर ॲस्ट्रोसाइटही सुटू लागतात. त्यापेक्षा जेवढं सुटलंय तेवढं घ्यावं आणि फ्लास्क परत इनक्युबेटरमध्ये ठेवावेत. आठवड्याभराने त्यांच्यावर पुन्हा ओपीसी येतात. दुसरं पीक पहिल्याहून कमी असतं, तिसऱ्याच्या नादी लागू नये.

सुटलेल्या पेशींचं मीडिया लेप न दिलेल्या, जिवाणूंसाठीच्या साध्या पेट्री डिशमध्ये ओतायचं आणि ३० मिनिटं इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. उरलेल्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट नुसत्या प्लॅस्टिकला पटकन धरतात, ओपीसी धरत नाहीत. डिश हलक्या हाताने गोल फिरवायची आणि वरचं मीडिया नव्या डिशमध्ये घेऊन आणखी ३० मिनिटं. तासाच्या पुढे रेंगाळलं की ओपीसीही चिकटू लागतात. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, फिरवायचं आणि मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूमध्ये मोजायचं. एका टी-७५ फ्लास्कमधून ढोबळमानाने दहा लाखांच्या आसपास पेशी मिळाल्या तर काम चांगलं झालं. आकडा एकदम तिप्पट आला तर आनंद करू नये. बहुधा मायक्रोग्लिया आलेल्या असतात.

इथून पुढे सिरम पूर्ण बंद. डीएमईएम आणि एफ-१२ चं मिश्रण, त्यात एन-२ पूरक, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन), एन-ॲसिटिल सिस्टीन, बायोटिन आणि दोन वाढ-घटक: पीडीजीएफ-एए आणि एफजीएफ-२, प्रत्येकी १० नॅनोग्रॅम प्रति मिली. नेहमीच्या बी-२७ पूरकात टी-३, म्हणजे थायरॉइड हार्मोन असतं. न्यूरॉनवाल्यांकडून उसनं घेतलेलं बी-२७ घातलं की वाढ-घटक असूनही ओपीसी हळूहळू पक्व व्हायला लागतात आणि चार दिवसांनी कारण कळत नाही. पूर्वावस्था टिकवायची असेल तर ते टाळावं किंवा किती प्रमाणात पेशी पुढे सरकतात हे मोजून मगच वापरावं.

वाढ-घटक महाग आणि नाजूक. पुण्याहून-मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत येतात. पेटी उघडताक्षणी आतला बर्फ शिल्लक आहे का ते बघून वहीत नोंद करावी. कुपी उघडण्याआधी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, कारण पांढरी पूड बरेचदा झाकणाला चिकटलेली असते आणि झाकणाबरोबर कचऱ्यात जाते. पीडीजीएफ ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ०.१ टक्के बीएसए घालून विरघळवायचं. बीएसए नसेल तर प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि पेशींपर्यंत पोचतच नाही. १० मायक्रोग्रॅमची कुपी १०० मायक्रोलीटरमध्ये विरघळवली तर १० मिली मीडियाला एक मायक्रोलीटर लागतं. एका कुपीत एक लीटर मीडिया होतं. लहान लहान नळ्यांत वाटून उणे ८० वर ठेवायचं, वितळलेली नळी परत गोठवायची नाही. एफजीएफ-२ तर ३७ अंशांवर झपाट्याने निकामी होतं. म्हणून मीडिया रोज बदललं नाही तरी दोन्ही घटक रोज ताजे घालायचे. शनिवार-रविवार सुट्टी घेतली की सोमवारी निम्म्या पेशींना फाटे फुटलेले असतात.

पेशी पसरायच्या त्या दर चौरस सेंटिमीटरला १५ ते २० हजार. त्याहून विरळ झाल्या तर जगत नाहीत, दाट झाल्या तर एकमेकींना लागून पक्व होतात. सुमारे ७० टक्के जागा भरली की सोडवून पुन्हा पसरायच्या. ट्रिप्सिन इथे जड पडतं. ॲक्युटेज हे सौम्य विकर तीन ते पाच मिनिटं पुरतं. दोन-तीन वेळा पसरवल्यानंतर वेग मंदावतो. त्यापुढच्या पेशींवरचे निष्कर्ष आम्ही धरत नाही.

आपल्याकडे जे आहे ते खरंच ओपीसी आहे का, हे अँटिबॉडीने रंगवून बघायचं. पीडीजीएफ ग्राहक-अल्फा, एनजी-२ आणि ऑलिग-२ या खुणा हव्यात. ॲस्ट्रोसाइटची जीएफएपी आणि मायक्रोग्लियाची आयबीए-१ मिळून पाच टक्क्यांच्या आत असावीत. नंतर एका प्लेटमधले दोन्ही वाढ-घटक काढून टी-३ घालायचं, ४० नॅनोग्रॅम प्रति मिली. दोन-तीन दिवसांत ओ-४ ही खूण आणि चार-पाच दिवसांत मायलिन बेसिक प्रोटीन दिसायला हवं. या रंगकामात नवे लोक हमखास एका ठिकाणी अडतात. ओ-४ अँटिबॉडी पेशीच्या पडद्यावरच्या मेदाला, सल्फॅटाइडला धरते. नेहमीच्या सवयीने आधी पडद्याला भोकं पाडणारं ट्रायटॉन हे डिटर्जंट वापरलं तर तो मेद धुऊन जातो आणि प्लेट कोरी दिसते. पेशी जिवंत असतानाच ओ-४ लावायची, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करायचं, आणि मायलिन बेसिक प्रोटीनसाठी ०.१ टक्के ट्रायटॉन त्यानंतर. नीट रंगलेली पक्व ऑलिगोडेंड्रोसाइट दिसते ती मधल्या बारीक देहापासून चहूकडे जाळं आणि जाळ्यामध्ये पातळ पडदे, असं. फक्त लांब, बिनपडद्याच्या फांद्या असतील तर पेशी अर्ध्या वाटेवर थांबल्या आहेत.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी दर महिन्याला. मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त सगळे आकडे हळूहळू बिघडत जातात.

आता उपचाराचा भाग, कारण मिरजेत रुग्णालयं पुष्कळ आणि रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न घेऊन येतात. वर वर्णन केलेल्या पेशी रॅटच्या आहेत, माणसाला देण्याच्या नाहीत. माणसाच्या ओपीसी बऱ्याचदा प्रेरित मूलपेशींपासून (प्रौढ पेशींना मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) बनवतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या स्टीव्हन गोल्डमन यांच्या गटाने २०१३ मध्ये अशा पेशी शिव्हरर उंदरांच्या पिल्लांमध्ये सोडल्या. या उंदरांत मायलिन बेसिक प्रोटीनचा जनुक तुटलेला असतो, ते थरथरतात आणि लवकर मरतात. सोडलेल्या मानवी पेशींनी मेंदूत मायलिन घातलं. पण पेशी तयार व्हायलाच तेव्हा चार-पाच महिने लागत होते, आणि एखादी मूलपेशी अविकसित राहिली तर गाठ होण्याचा धोका असतो. रॅटच्या प्लेटमध्ये पाच टक्के भेसळ आम्ही खपवून घेतो, तिथे हजारात एकही खपत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी अमेरिकेत जेरॉन कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये पहिल्या रुग्णाला भ्रूणाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या २० लाख ओपीसी दिल्या, आणि पुढच्याच वर्षी पैशांच्या कारणाने काम थांबवलं. ते नंतर दुसऱ्यांनी पुढे नेलं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आणखी एक पेच आहे. जुन्या जखमांपैकी बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या स्वतःच्या ओपीसी आणि अर्धवट ऑलिगोडेंड्रोसाइट हजर असतात, पण पुढे जात नाहीत. तिथलं वातावरणच त्यांना अडवतं. मग बाहेरून आणखी ओपीसी घातल्या तर त्या वेगळं काय करणार? म्हणून आमच्या मते पेशी देण्याचा उपाय आधी आनुवंशिक आजारांत उपयोगी पडेल, जिथे पेशीतच दोष आहे. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारांसाठी मूलपेशी टोचणं मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

राहिलं साठवण. पहिल्यांदा पसरवलेल्या पेशीच गोठवायच्या, कुपीला दहा लाख, वाढीच्या मीडियात १० टक्के डीएमएसओ घालून. आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात उणे ८० वर रात्रभर, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने थंड होतात, आणि दुसऱ्या दिवशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये. आपल्या भागात दुधाचा धंदा मोठा असल्याने जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची ये-जा चालू असते, त्यामुळे तो मिळवणं शहरांइतकंच सोपं. जारमधली पातळी बघायला कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घालायची, दहा सेकंदांनी बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं हिम चढतं तिथपर्यंत नायट्रोजन. धातूची किंवा पोकळ नळी कधीही घालू नये, नळीतून उकळता नायट्रोजन अंगावर उडतो. कुपी वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात धरायची आणि आत बर्फाचा लहानसा खडा उरला असतानाच बाहेर काढायची. मग १० मिली कोमट मीडिया थेंबाथेंबाने घालायचं, पहिला मिलीलीटर तर पुरता मिनिटभर घेऊन. गोठवल्यानंतर आठवड्याभरात एक कुपी काढून बघायची, आणि तोवर चालू प्लेट फेकायची नाही.